वहीत न लिहिलेला प्रसाद

आदरणीय कुंदाताईंची आणि माझी पहिली भेट रत्नागिरीत, रक्त तपासायच्या एका ठिकाणी बाकावर झाली, आणि ती ओरडा खाऊनच झाली. माझी मुलगी सायली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला साखरेचा आजार होऊन वर्ष झाले होते आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई चालू होती. उपाशीपोटी रक्त द्यायचे म्हणून आम्ही पालीहून पहिल्या एसटीने निघालो होतो. नंबर येईपर्यंत पोरीला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, शब्द अडखळू लागले. मी घाबरून पिशवीतली अंगाऱ्याची पुडी सोडली आणि तिच्या कपाळाला लावू लागले. शेजारच्या बाई उठल्या, त्यांनी स्वतःच्या पर्समधून साखर काढली आणि माझा हात बाजूला सारून म्हणाल्या, "अंगारा मागाहून लावा. देव कुठे जात नाही, साखर जातेय. तोंड उघड गो बाळा."

दहा मिनिटांत सायलीची नजर स्थिर झाली. मी त्यांना विचारले, आपण डॉक्टरीणबाई का? त्या म्हणाल्या, "मी निवृत्त नर्स. पण ओळख ती नव्हे. हिची नि माझी जात एक. आम्ही सुईवाल्या."

त्या दिवसापासून आज बारा वर्षे झाली. ताईंना पंच्याहत्तर पूर्ण होत आहेत म्हणून आपण रविवारच्या मंडळींनी हा अंक काढायचे ठरवले आणि मलाही लिहायला सांगितले. मी मॅट्रिक झालेली, घर आणि घरचा हिशेब यापलीकडे काही न लिहिलेली बाई. पण ताईंविषयी एक गोष्ट अशी आहे की ती मीच लिहिली पाहिजे, दुसऱ्या कोणाला ती ठाऊक नाही. निदान मला तसे वाटत होते.

ताईंचा रविवार आपण सगळे जाणतो, पण हा अंक बाहेरही जाईल म्हणून सांगते. भाट्याच्या रस्त्यावर ताईंचे घर आहे. त्या घराच्या पडवीत दर रविवारी सकाळी सुईवाली मुले आणि त्यांच्या आया जमतात. कोणी राजापूरकडून, कोणी लांज्याकडून, कोणी आमच्यासारखे पालीहून. तिथे भाषण नसते. ताई एकेकीची वही तपासतात, मुलांच्या पोटावरच्या सुयांच्या जागा तपासतात, आणि बोलतात. बोलणे गोड नसते. लांज्याकडच्या एक बाई एकदा रडत म्हणाल्या, "ताई, माझ्याच पोरीला का?" ताई म्हणाल्या, "शेजारणीच्या पोरीला झालं असतं तर तू इतकी सकाळी उठून आली असतीस का? मग. दाखव वही."

ताईंना स्वतःला हा आजार चोविसाव्या वर्षी झाला. नुकते लग्न झालेले होते. तेव्हा काचेची सिरिंज उकळून वापरावी लागे आणि सुई घासून धार लावावी लागे. सासरच्यांनी सहा महिने वाट पाहिली आणि माहेरी आणून सोडले. ताई हे सांगतात तेव्हा एवढेच म्हणतात, "सुई तेवढी मी येताना घेऊन आले." पुढे सारे आयुष्य त्यांनी दुसऱ्यांना सुया देण्यात घालवले. पन्नाशीला आल्यावर त्यांना गव्हाचाही आजार निघाला. म्हणजे पोळी, रवा, मैदा, शेवया यांतले काही पोटात गेले की आतडेच खराब होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. साखरेच्या या प्रकारच्या आजाराबरोबर तो कधी कधी येतो, दोन्ही एकाच घरचे आहेत, असे ताई सांगतात.

ते घर कुठले, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच रविवारी समजावले होते. "आपल्या अंगात एक राखणदार असतो. बाहेरचं काही आलं की काठी उगारतो. आपला राखणदार भ्रमलाय. चोर सोडून घरच्यांनाच झोडपतो. आधी इन्सुलिन करणाऱ्यांना झोडपलं, आता काय सापडेल ते." मी घरी येऊन हे जसेच्या तसे सासूबाईंना सांगितले. सासूबाई ऐकत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता नारळ घेऊन आमच्या बागेच्या कोपऱ्यातल्या राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, मान देऊन आल्या. "दोन वर्सं त्येचा मान चुकलाय. भ्रमंल न्हाय तर काय व्हईल?" पुढच्या रविवारी मी ताईंना हे सांगितले तेव्हा मला वाटले त्या हसतील. त्या म्हणाल्या, "नारळ दिला ते चांगलं केलं. सुई दिली ना?"

सुईच्या बाबतीत मात्र ताई कोणाचे ऐकत नाहीत, आणि त्याला कारण आहे. आपल्यातली एक मुलगी आता आपल्यात नाही. तिच्या घरच्यांना कोणीतरी सांगितले की आमच्या काढ्याने आजार मुळापासून जातो, सुई बंद करा. त्यांनी केली. पाच दिवसांत सगळे संपले. ताई तिच्या घरी गेल्या, तिच्या आईशेजारी दुपारभर बसल्या आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. तेव्हापासून पडवीत नवीन बाई आली की नाव विचारायच्या आधी ताई सांगतात, "देव कर, धर्म कर, काढा पी, मी काही म्हणणार नाही. सुई बंद करायची नाही." आणि तेच वाक्य तिच्याकडून म्हणून घेतात.

सायली अकराची झाली आणि तिची वाढ थांबली. वर्गातल्या मुली हातभर वर गेल्या, ही होती तिथेच. पोट फुगलेले, चेहरा पांढराफटक. त्यात भर म्हणजे साखर नीट राहीना. मोजून भाकरी, मोजून भात, मोजून सुई, आणि तरी जेवल्यावर दोन तासांनी साखर एकदम खाली. ताईंनी एका रविवारी तिच्या डोळ्यांची पापणी ओढून बघितली, नखे बघितली आणि म्हणाल्या, "कोल्हापूरला ने. गव्हाची तपासणी सांग त्यांना. मी चिठ्ठी देते." चिठ्ठी खरी ठरली. रक्तात सापडले, मग दुर्बिणीने आतडे बघितले, त्यातही सापडले. जेवण पचतच नव्हते, म्हणून सुई अन्नाच्या पुढे धावत होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितले, गहू जन्मभर बंद. कणभरसुद्धा नको.

कोकणातल्या माणसाला गहू सोडणे अवघड नाही असे लोकांना वाटते. भात आहे, तांदळाची भाकरी आहे, नाचणी आहे. मलाही तसेच वाटले होते. पण गहू कुठून कुठून घरात शिरतो ते मला ताईंनी दाखवले. गव्हाच्या पोळ्या लाटलेल्या पोळपाटावर भाकरी नको. कुरडया तळलेल्या तेलात पापड नको. आणि गिरण. आमच्या गिरणीत दोन चक्क्या, पण गिऱ्हाईक कमी असले की गिरणवाले भाऊ एकाच चक्कीवर सगळे काढायचे. तांदळाच्या पिठात आधीच्या गव्हाचे पीठ उतरायचे. मी भाऊंना सांगून पाहिले. ते म्हणाले, "वहिनी, मूठभर पीठ इकडचं तिकडे झालं तर काय बिघडतं? उलट ताकद येईल पोरीला." मी परत आले. ताईंना कळले तेव्हा त्या स्वतः पालीला आल्या, गिरणीत गेल्या आणि पिठाच्या धुरळ्यात पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमच्या डिझेलमध्ये मूठभर माती पडली तर चालेल?"

"माती कशी चालेल बाई? इंजिन बसेल."

"ह्या पोरीचं इंजिन गव्हाने बसतं. आठवड्यातून एकदा, चक्की धुऊन पुसून पहिलं दळण हिचं. कुठला वार सांगता?"

भाऊंनी सोमवार सांगितला. आजही सोमवारी सकाळी गिरण उघडते ती सायलीच्या तांदळाने. भाऊ मला बघितले की हाक मारतात, "इंजिनवाल्या वहिनी, या."

ताई कोठेही गेल्या तरी स्वतःचा डबा नेतात हे सर्वांनी पाहिले आहे. एका कार्यक्रमात त्या प्रमुख पाहुण्या होत्या. जेवणाच्या पंगतीत यजमानांनी पुरीचे ताट समोर ठेवले, तेव्हा त्यांनी पिशवीतून डबा काढून उघडला. यजमान ओशाळले, "ताई, पाहुण्यांनी घरचं आणायचं?" ताई म्हणाल्या, "मी पाहुणी आहे, माझं पोट पाहुणं नाही." सायली माझ्या शेजारी बसली होती. तिने तिचा डबा पदराखाली लपवून धरावा तसा ओढणीखाली धरला होता. तो तिने वर काढला. त्या आधी लग्नाकार्यात तिला 'राजकन्या आली, हिला वेगळं लागतं' असे ऐकावे लागे, आणि कितीदा तरी ती उपाशी घरी येई. उपाशी राहणे सुईवाल्या मुलीला किती महाग पडते ते आपण जाणतो.

आणखी एक सांगते. नाटे गावच्या शाहीनभाभी आपल्यात आहेत. त्यांचे मालक आखातात असतात. त्यांच्या मुलीलाही साखरेबरोबर गहू बंद झाला, तेव्हा भाभी म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं जमेल ताई, पण ईदेला सगळे शीरखुर्मा खाणार आणि ही एकटी बघत बसणार. शेवया गव्हाच्याच." ताई ईदेच्या आदल्या दिवशी एसटीने नाट्याला गेल्या आणि त्यांच्या घरात शिरवळ्यांच्या साच्यावर तांदळाच्या शेवया पाडून आल्या. वाटी किती भरायची, तिला सुई किती, तेही लिहून आल्या. भाभी म्हणतात, "आमच्या घरी आता सगळेच तांदळाचा खुर्मा खातात. वेगळं पातेलं नाही."

आता ती गोष्ट.

सायलीला साखरेचा आजार झाला तेव्हाच मी दत्ताला बोलले होते की पोरगी धड होईपर्यंत दर गुरुवारी शिऱ्याचा नैवेद्य करीन. गुरुवारी मी एक वेळ जेवत असे, संध्याकाळी दिवा लावून आरती करून शिरा दाखवत असे. मग सगळ्यांच्या हातावर प्रसाद. गहू बंद झाला, पोळी बंद झाली, बिस्किटे गेली, शाळेतले खाऊ गेले. नैवेद्य गेला नाही. आणि नैवेद्य ज्या पोरीसाठी, तिला प्रसाद न देणे म्हणजे देवाकडे मागायचे आणि त्याने हात पुढे केला की आपला हात मागे घ्यायचा, असे माझ्या मनाला वाटे. मी तिच्या तळहातावर सुपारीएवढा शिरा ठेवत असे. सासूबाईही म्हणत, "चिमटीभर परसादानं काय व्हनार हाय गो? द्येवाचा हाय त्यो."

ताईंनी मला वही ठेवायला सांगितली होती. काय खाल्ले, किती, सुई किती, साखर किती, पोट कसे. वही ठेवणे मला जमते. सकाळची अर्धी भाकरी, चार चमचे भात, मुगाची आमटी, ओंजळभर कुळथाचे मोड, एकही घास मी सोडला नाही. प्रसाद मात्र कधी लिहिला नाही. लपवायचे म्हणून नव्हे. प्रसाद हे खाणे आहे हेच माझ्या मनात आले नाही. उपासाच्या दिवशीसुद्धा प्रसादाने उपास मोडत नाही, मग तो जेवणात कसा धरायचा?

वर्ष झाले. सायलीचे रक्त पुन्हा तपासले तर गव्हाच्या आजाराचा आकडा जवळजवळ तिथेच. हाडे तपासली तर ती म्हातारीसारखी ठिसूळ निघाली. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, घरात कुठेतरी गहू जातोय. मी शपथेवर सांगितले की नाही जात. घरी येऊन देव्हाऱ्यापुढे बसून रडले आणि गुरुवारचा शिरा साजूक तुपात केला.

गणपतीत सायलीचे वडील मुंबईहून आले होते. ताई त्या दिवसांत आमच्या घरी आल्या. ओटीवर आम्ही सगळे होतो, सासूबाई, मालक, मी, आणि खांबाला टेकून सायली. ताईंनी वही घेतली, चष्मा वर करून कागद डोळ्यांशी धरून पाने उलटली. त्यांना तेव्हाच जवळ धरून वाचावे लागे.

"सुनंदा, वही सुंदर आहे. पण खोटी आहे."

"नाही ताई. घास अन् घास लिहिलाय."

"शुक्रवारी हिचं पोट दुखतं. शनिवारी पातळ होतं नि साखर पडते. सोमवारपासून बरी. परत शुक्रवारी तेच. आजार वार बघून येत नाही. गुरुवारी काय असतं तुमच्याकडे?"

मालक म्हणाले, "गुरुवारी? काही नाही. हिचा उपास असतो."

मी तोंड उघडले आणि बंद केले. त्या क्षणी मला कळले. ताईंनी माझ्याकडे पाहिले. मग देव्हाऱ्याकडे पाहिले. मग त्या उठल्या आणि न विचारता स्वयंपाकघरात गेल्या. डब्यांचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात हिंगाची डबी होती.

"सायली, तुझी नजर चांगली आहे. काय लिहिलंय ते वाच. बारीक अक्षरातलं."

सायलीने वाचले. गोंद, गव्हाचे पीठ, हिंग.

"सापडला चोर," ताई म्हणाल्या. "रोज फोडणीतून आत जातोय. ह्या घरातला हिंग आजपासून बंद. लसणाची फोडणी द्या."

मालकांनी डबी हातात घेऊन उलटसुलट केली. "हिंगात गहू? आम्ही सगळं घर धुऊन काढलं नि हा डबीत बसलाय." सासूबाईंनी हिंगाला लाखोली वाहिली. सगळ्यांना जरा हलके वाटले. मला ताईंकडे बघवेना. हिंग रोज फोडणीत पडतो, गुरुवारी वेगळा पडत नाही. हे ओटीवर कोणाच्या लक्षात आले नाही, किंवा आले असेल तर कोणी बोलले नाही.

मी त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेले. थांब्यावर दोघीच होतो. ताई म्हणाल्या, "हिंगात गहू होता, ते खोटं नाही. पण चोर दोन आहेत. दुसऱ्याचं नाव मी घेतलं नाही."

मी म्हटले, "ताई, मी माझ्या हाताने घातला."

"प्रेमाने घातलास ना? मग आता त्याच हाताने बंद कर. शिरा नको. तांदळाची खीर दाखव, देवाला चालते. हिच्या वाटीत किती ते मी सांगते."

"नवस शिऱ्याचा बोललेय ताई. नवस मोडला तर तो कुणावर जाईल? पोरीवर जाईल."

गाडी आली होती. ताईंनी पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून म्हणाल्या, "मोडला तर माझ्या नावावर मांड. मला काय, एक सुई जास्त."

मी मांडला. खोटे कशाला सांगू, त्या गुरुवारी देवापुढे हात जोडून मी स्पष्ट शब्दांत म्हटले, हा नवस मोडतेय तो कुंदाताईंच्या नावावर. पोरीला वाचवायला दुसऱ्याच्या नावावर पाप घालणारी आई मी त्या दिवशी झाले.

सायली सहा महिन्यांत सुधारली. आकडा उतरला, साखर जागेवर आली, गालावर रंग आला. उंची मात्र गेलेली परत आली नाही. आज ती एकवीस वर्षांची आहे आणि चार फूट सात इंच आहे. पाय घसरून पडली तर मनगट मोडते, दोनदा मोडले. रत्नागिरीत ती रक्त तपासायचे शिक्षण घेते, आणि उंच टेबलाशी उभी राहायला तिने स्वतःचा लाकडी पाट नेलेला आहे. त्या पाटावर उभी असलेली ती मी एकदा दारातून पाहिली आणि तशीच मागे फिरले. ते एक वर्ष. दर गुरुवारी सुपारीएवढे.

आणि इकडे ताईंचे डोळे गेले. एकदम नाही. आधी उजव्यात रक्त उतरले, मग डावा मंद झाला. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना उजेड आणि सावली एवढेच कळते. आता मूत्रपिंडाचेही आकडे वाईट आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे आणि ताईंना आपल्याआधी ठाऊक होते. डॉक्टर म्हणतात, पन्नास वर्षांची साखर, याहून वेगळे काय होणार? माझी बुद्धी ते मानते. पण गुरुवारी दिवा लावताना मन मानत नाही. मी जे ताईंच्या नावावर मांडले, ते कोणीतरी वसूल करत आहे असे मला वाटते.

मागच्या महिन्यात मी धीर करून ताईंना हे बोलले. त्या पडवीत आरामखुर्चीत होत्या. त्यांनी ऐकून घेतले आणि आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणाल्या, "सुनंदा, माझ्या डोळ्यांत पहिलं रक्त उतरलं तेव्हा तू लग्न होऊन पालीत आली पण नव्हतीस. तुझ्या दत्ताला एवढा मागचा हिशेब येतो का?" मग म्हणाल्या, "आणि मांडला असशील तर राहू दे. माझ्या नावावर काहीतरी कामाचं असू दे."

मी मान खाली घालून बसले. त्यांना दिसले नाही हे बरे झाले.

हा लेख लिहायचा तर सायलीला आधी सांगणे भाग होते. नऊ वर्षे ती हिंग समजून चालली होती, असे मला वाटत होते. परवा रविवारी परत येताना एसटीत मी तिला सांगितले. तुझी हाडे, तुझी उंची, ते हिंगाने नव्हे, माझ्या प्रसादाने.

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "आई, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. हिंग रोजचा असतो, पोट शुक्रवारी दुखायचं. मी वही वाचत होते ना. मी दुसऱ्या रविवारी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कळलंय तर कळू दे, पण आईला कळलंय हे कळू देऊ नकोस. तिला तेवढं पुरे आहे."

मी एवढेच विचारले, मग तू खात का होतीस? दुखत होते तर नाही का म्हटले नाहीस?

"दुखतं कशाने ते कुठे माहीत होतं तेव्हा. आणि तू आठवडाभर मी काय खाल्लं ते घाबरून बघायचीस. गुरुवारी प्रसाद देताना तेवढी घाबरलेली नसायचीस. मला तो दिवस आवडायचा."

म्हणजे ताईंनी एका हिंगाच्या डबीखाली आम्हा दोघींना झाकून ठेवले होते. मला पोरीपासून, पोरीला माझ्यापासून. आणि स्वतः नऊ वर्षे दोघींचे ऐकून घेत, दोघींना काही न सांगता, दर रविवारी वही बघत राहिल्या. या उपकाराला नाव काय द्यायचे मला कळत नाही. ताई, मी आज ते झाकण काढले आहे. तुम्हाला विचारले असते तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून विचारले नाही. हा लेख तुम्हाला वाचून दाखवायचे काम सायलीने मागून घेतले आहे, म्हणजे तुम्हाला हे तिच्याच आवाजात कळेल.

आपल्या मंडळींसाठी एक सांगायचे राहिले. वाढदिवसाच्या दिवशी ताईंच्या घरी पूजा आहे आणि प्रसादाचे काम माझ्याकडे आहे. तांदळाची खीर करणार आहे, फोडणीच्या पदार्थांत हिंग नसेल, आणि वाटीत किती ते दारात लिहून लावीन. सर्वांनी प्रसाद घ्यावा आणि वहीत लिहावा.

ताईंना शंभर वर्षे आयुष्य लाभो असे लिहायची पद्धत आहे. मला ते लिहिता येत नाही. मी ताईंचे आकडे पाहिले आहेत आणि आकड्यांशी खोटे बोललेले मला एकदा भोवले आहे. ताई आता सुईचे पेन कानाशी धरतात. पेन फिरवले की एकेका युनिटला टक असा आवाज येतो, तो मोजून त्या औषध घेतात. रविवारी सायली त्यांच्या पायाशी बसते आणि दोघी मिळून मोजतात, ताई मोठ्याने, सायली मनात. चुकले तर सायली त्यांच्या गुडघ्याला हात लावते. आजवर एकदाही लावावा लागलेला नाही.

दत्तात्रेया, एवढेच मागते. तो आवाज त्यांना ऐकू येत राहू दे. येणाऱ्या प्रत्येक रविवारी त्यांना पडवीत आणि आम्हाला त्यांच्यासमोर बसू दे. आणि पालीत तुझ्यापुढे मी त्यांच्या नावावर जे मांडले, ते आज या अंकात, सर्वांच्या साक्षीने, माझ्या नावावर फिरवून घेत आहे. तेवढे आयुष्य त्यांना परत मिळावे.

— सौ. सुनंदा, पाली